तीन इंची पेपर कोर: पावसाळा काढल्यावरचा अनुभव

बेळगावात उद्यमबागला माझं छोटं स्लिटिंग आहे, लॅमिनेशनची फिल्म कापून रोल करून देतो. फिल्म ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळतो तो कोर, एप्रिलात तो देणारा बदलला, आता दिवाळी झाली म्हणून लिहायलोय.

आधी आपली अक्कल एवढीच, की किलोला स्वस्त कोण देतो बघायचं आणि घ्यायचं. जुना कोर 8 एमएम जाडीचा, रोल टाइट बांधला की दुसऱ्या दिवशी फिल्म अजून आवळते, ताणून गुंडाळलेली असते ना ती आकसते, आणि आतला कोर चेपून लंबगोल, मग गिऱ्हाइकाच्या एअर शाफ्टवर (हवेनं फुगून कोर आतनं पकडणारा मशीनचा दांडा) चढायलाच तयार नाही. चार रोल परत आले तेव्हा डोकं ठिकाणावर आलं.

मग कोल्हापूरकडनं 12 एमएमचा घेतला. आयजीएसटी (परराज्यातल्या मालावरचा जीएसटी), कोगनोळीचा टोल, भाडं, सगळं धरून महाग पडतो, पण चेपायचं बंद झालं ते झालंच.

खरी गंमत जुलैत. आपल्याकडचा पाऊस माहीत हाय, आठ-आठ दिवस ऊन नाही, आणि मी शहाणा कोर थेट फरशीवर उभे करून ठेवलेले, खालचं टोक फुगून एवढं मऊ की नख रुतायचं. काट्यावर टाकला तर मे महिन्यात 2 किलो 300 भरणारा मीटरभर कोर 2 किलो 420! म्हणजे ओला माल किलोनं घेतला तर पाण्याचे पैसे द्यायचे. वर निपाणीच्या पार्टीला आम्ही मे मधलंच कोरचं वजन वजा करून बिल केलेलं, रोलमागं 120 ग्रॅम फिल्म कमी गेली, त्यांनी रिकामा कोर वजन करून दाखवला, काय बोलणार. आता प्रत्येक लॉटचे दोन-तीन रिकामे कोर आधी काट्यावर, माल लाकडी पॅलेटवर आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आणि रेट नगावर. ओलावा 7-8 टक्के पाहिजे हेही ऑर्डरमध्ये लिहून देतो.

तक्रार आहेच. स्पायरल, म्हणजे कागदाच्या पट्ट्या तिरक्या गुंडाळून केलेल्या कोरच्या वरच्या कागदाचा जोड उठून दिसतो, त्याची रेघ फिल्मच्या पहिल्या काही मीटरवर उमटते, तेवढी वाया. कापलेल्या कडेचा भुसा पण पडतोय, रोज हवा मारावी लागते.

उरलेले 8 एमएमवाले वडगावच्या मागवाल्यांनी नेले, कापड गुंडाळायला त्यांना ते बास होतात.