क्रमांक खरा, कार्ड खोटे

आमच्या न्यू जर्सीत मराठी घरांतली मुले शाळेच्या वयात बेसबॉल खेळू लागली, की वर्षभरात घरात बेसबॉलपटूंची चित्रे छापलेल्या संग्राह्य कार्डांचे डबे साठू लागतात आणि पाठोपाठ बापालाही तोच नाद लागतो. माझे तेच झाले. आमच्या मंडळातल्या आणखी तीन घरांत यंदा ही सुरुवात झाली आहे, म्हणून माझे सातशे डॉलर अक्कलखाती कसे जमा झाले, ते सविस्तर लिहीत आहे.

कार्ड माइक ट्राउटचे होते. ट्राउट याच राज्यातल्या मिलव्हिलचा, त्यामुळे मुलाचा जीव त्याच्यावर. एंजल्स संघाकडून तो पहिला सामना ८ जुलै २०११ रोजी खेळला, म्हणून त्याचे रूकी कार्ड, म्हणजे पदार्पणाच्या हंगामाचे कार्ड, टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीच्या त्या वर्षीच्या मुख्य मालिकेत नसून हंगामाच्या शेवटी निघालेल्या ‘टॉप्स अपडेट’ या संचात आहे. त्याचा क्रमांक यूएस १७५. पुढे २०१४, २०१६ आणि २०१९ असा तीनदा तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि कार्डाचा भाव चढत गेला. त्याचेच २००९ सालचे, म्हणजे पदार्पणाआधीचे, जगात एकच प्रत असलेले ‘बोमन क्रोम ड्राफ्ट’ मधले सहीचे कार्ड २०२० मध्ये ३९ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. तो आपला प्रांत नव्हे. आपल्यासारख्यांच्या आवाक्यातले यूएस १७५ साधे कार्ड आहे, त्याच्या प्रती पुष्कळ आहेत, आणि म्हणून त्याची किंमत प्रामुख्याने श्रेणीवर ठरते. पीएसए ही संस्था कार्ड तपासून त्याला एक ते दहा यांमधली श्रेणी देते आणि त्या एकाच प्रतीचा स्वतंत्र क्रमांक असलेल्या चिठ्ठीसह ते प्लास्टिकच्या कवचात कायमचे बंद करते. या कवचाला सगळे ‘स्लॅब’ म्हणतात. सुटे कार्ड आणि दहाची श्रेणी मिळालेले कार्ड यांच्या भावात अनेक पटींचा फरक असतो, आणि नेमक्या त्या फरकावर हा धंदा चालतो.

मागच्या दिवाळीच्या सुमारास मला ऑनलाइन भेटलेल्या एका विक्रेत्याकडे हे कार्ड दहाच्या श्रेणीत होते, आणि तो ते चालू भावापेक्षा साधारण एकपंचमांश कमी किमतीत द्यायला तयार होता. हिरव्या टॉवेलवर ठेवलेल्या स्लॅबची दोन छायाचित्रे त्याने पाठवली. मी स्वतःला सावध समजत होतो, म्हणून चिठ्ठीवरचा क्रमांक पीएसएच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला. खेळाडू, वर्ष, संच, श्रेणी सगळे तंतोतंत जुळले, आणि माझ्या लेखी तपासणी तिथेच संपली. पैसे देताना त्याने विनवले, की वस्तूच्या खरेदीसाठी असलेल्या पर्यायाने भरल्यास त्याला कमिशन कापून जाते, तेव्हा मित्रांना आणि नातेवाइकांना पाठवतात त्या पर्यायाने द्यावेत. मोबदल्यात तो त्याच संचाची दोन न फोडलेली पाकिटे, ज्यांत कोणाचे कार्ड निघेल ते फोडेपर्यंत कळत नाही, भेट म्हणून पाठवील. त्या पर्यायात ग्राहकाला संरक्षण नसते, हे मला ठाऊक होते. तरी पाठवले. पाकिटांचा मोह मुलाला होता असे मी घरी सांगतो, पण खरे तर तो मलाच होता.

पार्सल चार दिवसांत आले. पाकिटांत ट्राउट नव्हता, सगळी सामान्य खेळाडूंची कार्डे निघाली. एका पाकिटाची मागची शिवण जरा जाड आणि चिकट लागली होती, पण त्याकडे मी लक्ष दिले नाही.

महिनाभराने गावातल्या कार्डांच्या दुकानात आम्ही तो स्लॅब सहज दाखवायला नेला. दुकानदाराने कार्डाकडे पाहिलेच नाही. त्याने आधी स्लॅब आडवा धरून कड पाहिली आणि एका कोपऱ्यातली डिंकाची पिवळसर रेघ नखाने दाखवली. मग त्याने संकेतस्थळावर तोच क्रमांक टाकला आणि मी जे केले नव्हते ते केले: नोंदीखालचे छायाचित्र उघडून मोठे केले. त्यातल्या कार्डाची डावीकडची पांढरी किनार उजवीकडच्यापेक्षा किंचित रुंद होती, आमच्या कार्डाच्या दोन्ही किनारी सारख्या. क्रमांक अस्सल कार्डाचाच होता, पण ते कार्ड दुसऱ्याच कोणाच्या तरी कपाटात होते.

मुलाला तरीही पटेना. तेव्हा दुकानदाराने त्याच संचातले एखादे साधे कार्ड मागितले, आणि भेट मिळालेल्या पाकिटांतलेच एक मुलाच्या खिशात निघाले. सोनार डोळ्याला लावतो तसले भिंग घेऊन त्याने दोन्ही कार्डांच्या मागची बारीक अक्षरे आम्हाला आळीपाळीने दाखवली. साध्या कार्डावर काळे अक्षर काळेच आणि काठाशी रेखीव होते; आमच्या ‘दहा’च्या कार्डावर तेच अक्षर निळ्या, तांबड्या, पिवळ्या ठिपक्यांचे, कडा विस्कटलेले. मूळ कार्ड स्कॅन करून पुन्हा छापले की अक्षरांचीही चित्रासारखी ठिपक्यांत मोडतोड होते. फसवणाऱ्याने फुकट दिलेली चवली-पावलीची कार्डे तेवढी खरी होती, आणि त्यांनीच त्याचे बिंग फोडले.

विक्रेत्याचे खाते तोवर नाहीसे झाले होते. पैसे मी आपखुशीने ‘मित्रा’ला पाठवलेले असल्याने ते परत मागायला जागा उरली नाही. पार्सल टपालाने आले होते आणि टपालातून केलेली फसवणूक हा इथे संघराज्याच्या कायद्याखालचा गुन्हा आहे, म्हणून टपाल खात्याच्या तपास विभागाकडे छायाचित्रांसह तक्रार नोंदवली आहे. घेऊ पाहणाऱ्यांनी एवढे करावे: नोंदीतले छायाचित्र उघडून किनारी, कोपरे आणि छपाईचे बारीक डाग आपल्याला मिळणाऱ्या कार्डाशी ताडून पाहावेत, विक्रेत्याकडे स्लॅब आडवा धरून काढलेले, शेजारी त्या दिवशीची तारीख लिहिलेला कागद असलेले छायाचित्र मागावे, आणि कमिशन आपल्या खिशातून भरावे लागले तरी खरेदीच्याच पर्यायाने पैसे द्यावेत.

गेल्या आठवड्यात दुसऱ्याच नावाने यूएस १७५, दहाची श्रेणी, अशी जाहिरात मुलाने मला दाखवली. चिठ्ठीवरचा क्रमांक वेगळा होता. टॉवेल तोच हिरवा होता.