आधी 'जस्टिस' की आधी 'ब्लॅक'? मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचे दोन अल्बम शेजारी ठेवून

भाचीने पहिल्या पगारातून रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि लगेच फोन केला. "मामा, मेटॅलिकाचा सध्या एकच अल्बम घेता येईल. '...अँड जस्टिस फॉर ऑल' घेऊ की 'ब्लॅक अल्बम'?" मी पटकन सांगून टाकलं, "ब्लॅक घे." फोन ठेवला आणि चुटपुट लागली, की आपण पोरीला अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं इथे लिहितोय, कारण हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

मोजमापात दोघांत फारसा फरक नाही. 'जस्टिस' 1988चा, नऊ गाणी, 65 मिनिटं. 'ब्लॅक' 1991चा, बारा गाणी, साधारण 62 मिनिटं. दोन्ही डबल एलपी, म्हणजे दोन-दोन तबकड्यांचे. दोन्ही लॉस एंजेलिसच्या 'वन ऑन वन' याच स्टुडिओत रेकॉर्ड झाले, वाजवणारी माणसंही तीच चौघं: जेम्स हेटफिल्ड (गायन, गिटार), लार्स उलरिच (ड्रम), कर्क हॅमेट (गिटार), जेसन न्यूस्टेड (बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार). आणि तरी पहिल्या दहा सेकंदांत कळतं की मधल्या तीन वर्षांत काहीतरी मोठं बदललंय.

'जस्टिस' समजायचा तर दोन वर्षं मागे जावं लागतं. 27 सप्टेंबर 1986च्या पहाटे स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि बेस वाजवणारा क्लिफ बर्टन गेला. चोवीस वर्षांचा होता. महिन्याभरात न्यूस्टेड त्याच्या जागी आला, दौरा पुढे सुरू झाला. दुःख करायला कुणाला उसंत मिळालीच नाही, आणि ते सगळं या अल्बममध्ये उतरलं. हा आवाज कोरडा आहे. गिटारी करवतीसारख्या धारदार, ड्रमचा प्रत्येक ठोका टकटकीत, कुठे घुमारा म्हणून नाही. आणि बेस? जवळजवळ ऐकूच येत नाही.

या बेसवर चाहते आजही भांडतात. न्यूस्टेडने हेटफिल्डच्या रिदम गिटारची सुरावट जशीच्या तशी खाली वाजवली होती, त्यामुळे दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून जात होते, हे एक कारण. मिक्सिंग (कुठल्या वाद्याचा आवाज किती ठेवायचा ते ठरवून सगळं एकत्र करणं) करणाऱ्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं की बेस कमी करायला लार्सनेच लावलं. कारण काहीही असो, मला यातली एक गोष्ट फार लागते. या अल्बममध्ये 'टू लिव्ह इज टू डाय' हे क्लिफच्या उरलेल्या सुरावटींतून बांधलेलं गाणं आहे. गेलेल्या बेसवाल्याचं स्मारक अशा अल्बममध्ये उभं आहे, जिथे नव्या बेसवाल्याचा आवाजच पोचत नाही.

गाणी लांब आहेत. शीर्षकगीत पावणेदहा मिनिटांचं, वळणावर वळणं घेणारं. ते मैफलीत वाजवताना समोरचे लोक कंटाळलेले दिसले, असं हॅमेटनेच सांगितलंय. 1989नंतर ते 2007पर्यंत मंचावर आलंच नाही. विषयही जड: पृथ्वीचा नाश, विकली गेलेली न्यायव्यवस्था, आणि 'वन'मधला पहिल्या महायुद्धातला सैनिक, ज्याचे हातपाय, डोळे, कान, वाचा सगळं गेलंय आणि मन मात्र जागं आहे. 'वन' हळुवार सुरू होतं. मग मध्येच पायांनी वाजवायचे दोन मोठे ड्रम (डबल बेस ड्रम) मशीनगनसारखे सुटतात, आणि तिथून शेवटापर्यंत श्वास घ्यायला जागा नाही.

तेव्हाच्या प्रतिसादाकडे बघा. इतका अवघड अल्बम, तरी अमेरिकेच्या अल्बम-विक्रीच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढला. व्हिडिओ काढायचाच नाही असं म्हणणाऱ्या बँडने 'वन'साठी पहिला व्हिडिओ काढला. 1989मध्ये ग्रॅमीने हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदाच पारितोषिक ठेवलं आणि मेटॅलिकाला डावलून ते दिलं जेथ्रो टल या रॉक बँडला. त्या निवडीचं मला आजही वाईट वाटतं. पुढच्या वर्षी मेटलचा वेगळा विभाग झाला आणि तिथे 'वन'ला पारितोषिक मिळालं.

'ब्लॅक'ची गोष्ट मला थोडक्यात सांगता येते, कारण तो स्वतःच स्वतःची ओळख करून देतो. निर्माता बॉब रॉक आला. चौघांना एका खोलीत एकत्र वाजवायला लावलं, बेसला जागा दिली, तोंडावर वाद घातले. काम आठ-नऊ महिने चाललं, मिक्सिंग तीनदा झालं. गाणी आखूड झाली, चाल संथ झाली आणि वजन वाढलं. 'सॅड बट ट्रू' नीट स्पीकरवर लावून बघा, खिडकीच्या काचा थरथरतात. 'नथिंग एल्स मॅटर्स' हेटफिल्डला एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने सुट्या तारा छेडताना सुचलं. म्हणून त्याच्या सुरुवातीला डाव्या हाताचं बोट तारेवर टेकवावंच लागत नाही. आपल्याकडे गिटार शिकणाऱ्या कितीतरी पोरांनी पहिल्या महिन्यात तेवढंच वाजवून घरच्यांना ऐकवलंय. मीही.

अल्बम आला तो थेट पहिल्या क्रमांकावर. 2014पर्यंत एकट्या अमेरिकेत 1 कोटी 60 लाख प्रती खपल्या होत्या. जुने चाहते मात्र दुखावले. "हे विकले गेले," असं तेव्हा बोललं गेलं आणि अजून बोललं जातं. मला ते पटत नाही. सोपं करणं आणि विकलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मी एका जोडीवरून दाखवू शकतो.

ठरवत असाल तर ही जोडी आधी ऐका: 'जस्टिस'मधलं शेवटचं 'डायर्स ईव्ह' आणि 'ब्लॅक'मधलं 'द गॉड दॅट फेल्ड'. दोन्ही पाच मिनिटांच्या आसपासची. दोन्हींची जखम एकच. हेटफिल्डचे आईवडील ख्रिश्चन सायन्स पंथाचे, औषधोपचार न मानणारे. आईला कॅन्सर झाला, उपचार घेतले नाहीत आणि ती गेली. मुलगा सोळा वर्षांचा होता. 'डायर्स ईव्ह'मध्ये तो आईबापांवर ओरडतोय, शब्द एकमेकांवर आदळतायत, ड्रम अंगावर धावून येतायत, त्याला कुणाचं उत्तर ऐकायचंच नाही. तीन वर्षांनी तोच माणूस तीच गोष्ट संथपणे, एकेक शब्द ठेवत सांगतो. आणि ते गाणं सुरू कशाने होतं? एकट्या बेसने. ज्याचा आवाज मागच्या वेळी दाबला गेला होता, तोच दार उघडतो.

पहिल्या गाण्याने छातीत धडधडलं तर 'जस्टिस' तुमचा. दुसऱ्याने गप्प केलं तर 'ब्लॅक' घ्या.

खरेदीपुरतं थोडं. 'जस्टिस' 2018मध्ये आणि 'ब्लॅक' 2021मध्ये रीमास्टर होऊन आला. रीमास्टर 'जस्टिस'मध्ये बेस ऐकू येईल या आशेने पैसे घालू नका. रीमास्टर म्हणजे तयार मिक्सचाच आवाज पुन्हा उजळणं, नवं मिक्सिंग नव्हे. मूळ मिक्समध्ये जे दबलंय ते दबलेलंच राहतं. चाहत्यांनी बेस वर आणून केलेल्या आवृत्त्या इंटरनेटवर आहेत, कुतूहल म्हणून ऐका. घरी दणकट स्पीकर असतील तर त्यांचं चीज 'ब्लॅक'च करतो. लोकलमध्ये किंवा रात्री हेडफोन लावून ऐकणार असाल तर 'जस्टिस'. दोन कानांत दोन गिटारींची कापाकापी तिथेच उमगते. मात्र सलग तास काढायची तयारी हवी. मागे लावून ठेवायचा हा अल्बम नाही.

भाचीला 'ब्लॅक' सांगितला तो तिच्याकडे स्पीकर चांगले आहेत म्हणून, आणि घरात आजीही असते म्हणून. माझा स्वतःचा मात्र 'जस्टिस'. 2011च्या ऑक्टोबरात मेटॅलिका बेंगळुरूला आली तेव्हा आम्ही तिघं पुण्याहून रात्रीच्या बसने गेलो होतो. पॅलेस ग्राउंड्सवर 'वन' सुरू झालं. बेसवर तेव्हा रॉबर्ट ट्रुहियो होता. वीस वर्षं जे गाणं मी बेसशिवाय ऐकत आलो होतो, त्याचा बेस त्या रात्री पहिल्यांदा पोटात जाणवला. परतल्यावर मी जुनी कॅसेट पुन्हा लावली, आणि जिथे तो ऐकू येत नव्हता तिथेही मला ऐकू येऊ लागला.