1.3 डिझेल, 75 पीएसवाली: सोळा महिने, 23 हजार किलोमीटर आणि ते 15 घोडे

मागच्या महिन्यात कुंभार्ली घाटात गाडीनं मान टाकली, म्हणून हे लिहायला बसलोय. चिपळूणहून कराडला परत येत होतो. गाडीत पाच माणसं, डिकीत तांदळाचं पोतं आणि आंब्याच्या दोन पेट्या. पोफळी मागं पडली, चढ लागला आणि दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबूनही आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा दोन हजारांच्या वर जाईना. मागं काळा धूर, त्याच्यामागं एसटी. एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि पहिल्या-दुसऱ्यात रडतखडत हेळवाक गाठलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

गाडी 2017 ची, सेकंडहँड घेतलेली. इंजिन 1248 सीसीचं मल्टिजेट. गाडीचं नाव लिहीत नाही. हे इंजिन फियाट, टाटा, मारुती, शेवरोले अशा सगळ्यांनी वापरलंय आणि मला बोलायचंय ते इंजिनाबद्दलच. फियाटचं हे इंजिन आपल्या रांजणगावातही बनायचं, त्यामुळे त्याच्याबद्दल मला पहिल्यापासून आपुलकी आहे. सीट, एसी, सस्पेन्शन यांबद्दल तक्रार नाही. डिकी लहान आहे, पण ती घेतानाच माहीत होती.

माझी सगळी चिडचिड एकाच गोष्टीवर होती. 1800 आरपीएमच्या खाली गाडीत जीव नाही. घाटात वळण आलं, पुढं ट्रक आला, तिसऱ्यावरून दुसऱ्यात यायला अर्धा सेकंद उशीर झाला, की गाडी दम खाते. आमच्या दाजींकडे हेच इंजिन, पण 90 पीएसवालं, म्हणजे 90 घोड्यांच्या ताकदीचं. तेवढंच 1248 सीसी, तेवढेच चार सिलिंडर. मग माझे 15 घोडे गेले कुठं? वर्षभर मी भेटेल त्याला सांगत होतो की कंपनी मुद्दाम इंजिनाचा गळा आवळते आणि महागडं मॉडेल घेणाऱ्यासाठीच तो सैल सोडते. एका रिमॅपवाल्याशी, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून देणाऱ्याशी, बोलणंही झालं होतं. ‘लॅपटॉप लावला की अर्ध्या तासात 75 चे 95 करून देतो’, असं तो म्हणाला. ॲडव्हान्स द्यायचाच बाकी होता.

घाटातल्या प्रकारानंतर गाडी आधी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथं जॉब कार्डवर लिहिलं ‘टर्बो रिप्लेस’ (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) आणि अंदाजे खर्च 58 हजार. काय उघडून बघितलं विचारलं, तर उत्तर नाही. स्कॅनरवर बूस्ट, म्हणजे त्या हवेचा दाब, कमी दिसतंय, एवढंच. मी गाडी तशीच बाहेर काढली. माणसाच्या कष्टाच्या पैशाबद्दल इतकी बेफिकिरी बघून मला दोन रात्री झोप लागली नाही.

कराडात आमचे जुने मेस्त्री आहेत. त्यांनी इंजिन चालू ठेवून इंटरकूलरकडं (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडं) जाणाऱ्या रबरी नळीवर हात फिरवला आणि म्हणाले, ‘साहेब, टर्बो कशाला बदलताय? हवा इथनं चाललीय.’ क्लिपच्या अगदी कडेला, खालच्या बाजूनं, बोटभर चीर. आतून तेलकट, म्हणून दिसत नव्हती. हवा बाहेर, डिझेल आत, म्हणून काळा धूर. नळी, दोन क्लिपा आणि मजुरी धरून 2,150 रुपये.

पण माझं मत बदललं ते त्यानंतरच्या दहा मिनिटांत. मी तिथंही माझ्या 15 घोड्यांचं गाऱ्हाणं मांडलं, तर मेस्त्रींनी भंगाराच्या डब्यातून दोन टर्बो काढून बाकावर शेजारी-शेजारी ठेवले. एक 75वाल्याचा, एक 90वाल्याचा. 90वाल्याच्या आत टर्बाइनच्या चाकाभोवती बारीक पात्यांचं कडं असतं. बाहेरचा दांडा हलवला की सगळी पाती एकदम तिरकी होतात आणि धूर चाकावर कमी-जास्त जोरानं आदळतो. व्हीजीटी म्हणतात ते हेच. माझ्यावाल्यात पातीच नाहीत. प्रेशर जास्त झालं की उघडणारी एक झडप आहे, बस. म्हणजे माझे 15 घोडे कुणी लॅपटॉपमध्ये कुलूप लावून ठेवलेले नव्हते, ते ज्यातून निघतात तो भागच माझ्या गाडीत नाही. रिमॅप करून त्याच लहान टर्बोला जास्त पळवलं असतं, तर तो तापला असता, क्लचवर ताण आला असता, आणि सर्व्हिस सेंटरनं सांगितलेला 58 हजारांचा खर्च मीच ओढवून घेतला असता. वर कंपनीनं दिलेल्या रचनेत परस्पर बदल केला, तर कायद्याचा आणि विम्याचाही प्रश्न.

मग आकडे नीट बघितले. मारुतीच्या स्विफ्टमध्ये हेच इंजिन 75 पीएस आणि 190 एनएम (ओढण्याची ताकद) द्यायचं, सियाझमध्ये 90 पीएस आणि 200 एनएम. पीएसमध्ये 15 चा फरक, पण ओढण्याच्या ताकदीत फक्त 10 चा! आणि हे पीएस मिळतात 4000 आरपीएमला. घाटात लोड घेऊन तिथं जातं कोण? दाजींची गाडी मागून घेतली आणि त्याच वळणावर नेली. हायवेला ताशी 90 किलोमीटरच्या पुढं ती सरळ निघून जाते, तिथं फरक जाणवतो. पण 1700च्या खाली दोन्ही सारख्याच मंद. टर्बो जागा होईपर्यंत ते सव्वा लिटरचं छोटं इंजिन आणि वर टनभराहून जास्त वजन, इतकंच असतं. दोष 75 च्या आकड्याचा नव्हता, मी गिअर उशिरा बदलत होतो.

तरीही कंपन्या ताकद मुद्दाम अडवत नाहीत, असं म्हणायला मी तयार नाही. अडवतात, पण कारणं निरनिराळी असतात. रेनो डस्टरचं 1.5 डिझेल 85 आणि 110 पीएस अशा दोन रूपांत आलं, पण 110 ला टर्बो वेगळा होता आणि गिअरबॉक्स सहाचा. चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनचं 175 पीएसवालं डिझेल मॅन्युअलला 370 एनएम देतं आणि ऑटोमॅटिकला 400. स्कोडाच्या सुपर्बमध्ये 1.8 पेट्रोल मॅन्युअलला 320 एनएम द्यायचं, डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला 250, कारण त्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीला तेवढंच झेपतं. इंजिनाचे हात बांधून ठेवलेले असतात हे खरं, पण ते गिअरबॉक्स जपण्यासाठी. हे मला पटतं. मी इंजिनिअर असतो तरी हेच केलं असतं.

संताप येतो तो दुसऱ्या प्रकाराचा. मर्सिडीजनं 2022 मध्ये अमेरिकेत इलेक्ट्रिक ईक्यूई आणि ईक्यूएससाठी वर्षाला 1200 डॉलर घेऊन जास्त पिकअप द्यायचं जाहीर केलं. 2025 मध्ये फोक्सवॅगननं ब्रिटनमध्ये आयडी.3 ची वाढीव ताकद महिना साडेसोळा पौंडांना विकायला काढली. मोटर तीच, बॅटरी तीच, सगळं माल म्हणून ग्राहकाच्या दारात उभं आहे, आणि नुसती परवानगी विकायची. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला कुलूप लावण्याचा हक्क यांना कुणी दिला? आपल्याकडं इलेक्ट्रिक गाड्या वाढतायत, तेव्हा घेताना शोरूममध्ये हा प्रश्न स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

माझी अजून एक तक्रार शिल्लक आहे. माझ्या गाडीत 90वालं इंजिन हवं असेल, तर सगळ्यात वरचंच मॉडेल घ्यावं लागायचं. अलॉय व्हील, टचस्क्रीन, मागचा कॅमेरा, सगळं गळ्यात. घाटात राहणाऱ्या माणसाला साध्या सीटवर दमदार इंजिन हवं असतं, ही गोष्ट यांच्या यादीत बसतच नाही.

सेकंडहँड बघत असाल, तर रोजचं गावातलं आणि घाटाचं काम असणाऱ्यांनी 75 घ्यावी असंच सांगेन. पात्यांचं कडं काजळीनं जाम होण्याची भानगडच नाही. घेण्याआधी मात्र गाडी चालू ठेवून इंटरकूलरच्या दोन्ही नळ्या खालून हातानं चाचपून बघा, नुसत्या डोळ्यांनी नाही.

परवा त्याच घाटातून पुन्हा आलो. पाच माणसं होतीच. वळणाच्या आधीच दुसरा टाकला, काटा 2200 वर, आणि ट्रक मागं टाकून गाडी सरळ वर निघाली. ॲव्हरेज साडेअठरावर आलं होतं, नळी बदलल्यानंतरच्या दोन टाक्यांचं 20.4 आणि 20.7 निघालं. चिरलेली नळी डिकीत ठेवलीय. रविवारी दाजी येणारेत, त्यांना दाखवायचीय.