पूल बंद असताना मेट्रो मार्ग १ : अंधेरीतील एका पर्यायाचे परीक्षण

मुंबईतील प्रभादेवीचा रेल्वेवरचा जुना पूल १२ सप्टेंबर २०२५ च्या रात्री पाडकामासाठी बंद झाला आणि तेव्हापासून परळ, लोअर परळ व दादर या भागांत राहणारे परिचित वारंवार विचारू लागले की, अंधेरीच्या गोखले पुलाविना तुम्ही लोकांनी इतके दिवस कसे काढले. त्या काळात मी ज्या सेवेवर सर्वाधिक विसंबून राहिलो ती वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही मेट्रो होती. म्हणून येथे तिचेच परीक्षण करीत आहे. एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. मेट्रो म्हणून ती कशी आहे याचा हा निवाडा नाही. पूल बंद पडल्यावर त्याची जागा ती किती भरून काढू शकली, एवढाच प्रश्न माझ्यापुढे आहे.

अंधेरी पूर्व आणि पश्चिम यांना जोडणारा गोखले पूल १९७५ चा. ३ जुलै २०१८ च्या सकाळी त्याचा पादचारी भाग पश्चिम रेल्वेच्या रुळांवर कोसळला आणि त्यात दोघांचा जीव गेला. त्यानंतर काही वर्षे पुलावरून वाहतूक चालू राहिली खरी, परंतु अखेर तो धोकादायक ठरवून ७ नोव्हेंबर २०२२ पासून पूर्ण बंद करण्यात आला. एक बाजू सुरू होण्यासाठी २६ फेब्रुवारी २०२४ उजाडावी लागली आणि संपूर्ण पूल खुला झाला तो मे २०२५ मध्ये. आरंभी पुष्कळांनी ही दोन-चार महिन्यांची अडचण समजून दररोज अर्धा तास लवकर निघण्याचा उपाय धरला. अशी व्यवस्था थोडे दिवस चालते. वर्ष उलटले की ती माणसाला थकवते, आणि मग मुळापासून वेगळा मार्ग शोधावा लागतो.

वाहतूक पोलिसांनी तेव्हा सहा पर्यायी मार्ग सुचवले होते : खार सबवे, सांताक्रूझचा मिलन उड्डाणपूल, विलेपार्ल्याचा कॅप्टन विनायक गोरे पूल, अंधेरी सबवे, जोगेश्वरीचा बाळासाहेब ठाकरे पूल आणि गोरेगावचा मृणालताई गोरे पूल. कागदावर सहा ही संख्या दिलासा देते. प्रत्यक्षात खारपासून गोरेगावपर्यंतच्या पट्ट्यात रेल्वे ओलांडण्याच्या जागा मुळातच मोजक्या असल्यामुळे एक बंद होताच तिचा सगळा भार उरलेल्यांवर पडला. ज्यांचा गोखले पुलाशी कधी संबंध आला नव्हता अशा पार्लेकर आणि जोगेश्वरीकर मंडळींच्या दारातही रांगा लागल्या. खार आणि गोरेगाव हे तर अंधेरीच्या माणसाला नावापुरतेच पर्याय. ज्याला आझादनगरहून चकाल्याला जायचे आहे त्याने गोरेगावची वाट का धरावी, याचे समर्थन मला कधी सापडले नाही.

अंधेरी सबवेविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नकाशावर तोच सर्वांत जवळचा आणि म्हणूनच सर्वांत फसवा. स्थानकाच्या उत्तरेला असलेला हा भुयारी रस्ता सखल भागात आहे आणि मोगरा नाला त्याच्या जवळून वाहतो. जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की पाण्याचा निचरा थांबतो, सबवे भरतो आणि वाहतूक तत्काळ बंद केली जाते. कोरड्या दिवसांतही तेथे उंचीच्या मर्यादेमुळे मोठी वाहने जाऊ शकत नाहीत, आणि पश्चिमेला स्वामी विवेकानंद मार्ग व पूर्वेला नागरदास मार्ग या दोन्ही तोंडांशी वाहने तुंबून राहतात. पावसाळ्यात घराबाहेर पडण्यापूर्वी भरतीची वेळ पाहण्याची सवय कोळीवाड्यातल्या माणसाला असते. त्या दोन पावसाळ्यांत ती कचेरीत जाणाऱ्या माणसालाही लागली. फोनमधल्या एका लोकप्रिय नकाशा-ॲपने मला भर पावसात याच सबवेकडे वळवले आणि तेथे पोहोचलो तेव्हा पोलीस अडथळे लावून वाहने परत पाठवत होते. अशी ॲप बहुतांशी पुढे गेलेल्या वाहनांच्या गतीवरून अंदाज बांधतात, त्यामुळे रस्ता नुकताच बंद झाला असेल तर त्यांना ते उमगायला वेळ लागतो. तेवढ्या अवधीत आपण रांगेत इतके आत शिरलेले असतो की मागे फिरणेही अवघड होते.

मेट्रोचे महत्त्व येथून सुरू होते. जून २०१४ पासून चालू असलेला हा ११.४ किलोमीटरचा, बारा स्थानकांचा मार्ग पश्चिमेकडे जे. पी. रोडच्या आणि पूर्वेकडे अंधेरी–कुर्ला रस्त्याच्या डोक्यावरून जातो. आझादनगर आणि अंधेरी या दोन स्थानकांच्या दरम्यान तो पश्चिम रेल्वेचे सगळे रूळ ओलांडतो. याचा अर्थ असा की, ज्या अडथळ्यापायी खाली सगळा गोंधळ चालला होता तो मेट्रोने एका स्थानकाच्या अंतरात मागे टाकलेला असे. गर्दीच्या वेळी गाड्यांमधील अंतर चार मिनिटांच्या आसपास असते, भाडे अंतरानुसार १० रुपयांपासून ४० रुपयांपर्यंत आहे, आणि पावसाने सबवे भरला तरी तिच्या वेळापत्रकावर त्याचा परिणाम होत नाही. त्या वर्षांत मला वेगापेक्षा या खात्रीचे मोल अधिक वाटले. रस्त्याने जाताना पोहोचण्याची वेळ सांगताना मनात नेहमी पाऊण तासाची ढील ठेवावी लागे. मेट्रोने निघाल्यास ती पाच-दहा मिनिटांवर येई.

जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे पूल बंद झाल्यावर थोड्याच दिवसांत, मेट्रो २ अ आणि ७ हे मार्ग पूर्ण लांबीने सुरू झाले, हा योगायोग अंधेरीच्या फार पथ्यावर पडला. डी. एन. नगर येथे २ अ आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग येथे ७ अशा दोन्ही मार्गिका या जुन्या मार्गाला जोडल्या गेल्या. त्यामुळे मालाड, कांदिवली, दहिसर इकडून मोटार घेऊन अंधेरीत शिरणाऱ्यांपैकी काहींना तरी ती घरी ठेवणे शक्य झाले. अर्थात याचा दुसरा परिणाम डब्यांत जाणवला.

या सेवेची मोठी उणीव म्हणजे गाडी केवळ चार डब्यांची आहे. सकाळी घाटकोपरहून वर्सोव्याकडे येणारी गाडी साकीनाका सोडेपर्यंत खचाखच भरलेली असते आणि चकाल्याला उभ्या असलेल्या माणसाला पहिल्याच गाडीत पाय ठेवायला मिळेल याची शाश्वती नसते. अंधेरीला अर्धी गाडी रिकामी होते, परंतु त्याच क्षणी लोकलमधून उतरलेला लोंढा फलाटावर चढत असतो. या मार्गावरील अनुभवी प्रवासी दाराच्या दोन्ही बाजूंना आपणहून उभे राहून मधली वाट मोकळी सोडतात, आणि नवखा माणूस नेमका मधोमध उभा राहून दोन्हीकडचे धक्के खातो. अंधेरी स्थानकात सामान तपासणीच्या यंत्रापुढची रांग हा आणखी एक सापळा आहे. हातात पिशवी नसेल तर आपण सरळ पुढे जातो. लॅपटॉपची पिशवी, डबा आणि छत्री असा नेहमीचा सरंजाम असेल तर तेथे एखादी गाडी चुकणे ठरलेले. मी पुढे डबा लॅपटॉपच्याच पिशवीत बसवायला शिकलो. ऐकायला क्षुल्लक वाटेल, परंतु रोजच्या प्रवासात अशाच गोष्टींवर वेळ वाचतो. तिकिटासाठी खिडकीवर उभे राहण्याऐवजी कार्ड किंवा फोनवरील क्यूआर तिकीट वापरावे, हे सांगण्याची आता गरज नसावी.

ज्येष्ठांच्या दृष्टीने ही सेवा कशी आहे, हे मी आईला पूर्वेकडील एका रुग्णालयात तपासणीसाठी नेत असे तेव्हा नीट पाहिले. स्थानकावर उद्वाहक आणि सरकते जिने आहेत, फलाट आणि डबा एका पातळीत आहेत, राखीव आसनावर बसलेली तरुण मुले काठी पाहताच उठतात. दुपारी अकरा ते चार या वेळेत तर प्रवास खरोखर सुखाचा होतो. अडचण स्थानकाबाहेर पडल्यावर सुरू होते. अंधेरी पूर्वेला जिना उतरल्यापासून रिक्षा मिळेपर्यंतचे शंभर-दीडशे पावलांचे अंतर फेरीवाले, उभ्या केलेल्या दुचाक्या आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक यांतून काढावे लागते. शिवाय मीटरने जवळचे भाडे घेण्यास रिक्षावाले राजी नसतात. आईच्या मते रुग्णालयातल्या तपासणीपेक्षा हीच तपासणी कठीण होती. ज्यांना चालणे अजिबात झेपत नाही त्यांच्यासाठी मेट्रो हा पर्याय नव्हता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्यांना टॅक्सीच करावी लागे, आणि टॅक्सीच्या ॲपवर वळसा आणि कोंडी हिशेबात धरून दाखवलेले भाडे पाहून एकदोन वेळा तपासणीची तारीखच पुढे ढकलावी असे वाटून गेले.

सामानाच्या बाबतीतही मेट्रो पुलाची जागा घेऊ शकत नाही. पूर्वेकडून माल आणणारे दुकानदार, घरगुती गॅसची वाहने, शाळेच्या बसगाड्या, रुग्णवाहिका या सर्वांना वळसा चुकला नाही. मध्यरात्रीच्या आसपास मेट्रो थांबते आणि रात्रपाळी करणारा माणूस पुन्हा रस्त्यावरच येतो. त्या वेळी रस्ते मोकळे असतात एवढेच त्याचे नशीब. दुचाकी स्थानकापाशी ठेवून पुढे मेट्रोने जावे म्हटले, तर स्थानकांना जोडून पुरेसे वाहनतळ नाही. पश्चिमेकडे शेअर रिक्षांनी ही त्रुटी बऱ्याच अंशी भरून काढली. ठरलेले भाडे, ठरलेला थांबा आणि तिसरा प्रवासी येईपर्यंतची वाट, असा त्यांचा शिरस्ता गर्दीच्या वेळी उत्तम चालत असे.

एक बाजू उघडल्यानंतर मेट्रोची गरज संपेल असे अनेकांना वाटले होते. तसे झाले नाही, आणि त्याचे कारण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचलेच आहे : नवा गोखले पूल आणि त्याला पूर्वी जोडलेला सी. डी. बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या उंचीत सुमारे दोन मीटरचा फरक पडला. जुहूच्या बाजूने येणारा उड्डाणपूल नव्या पुलापाशी पोहोचून अधांतरी थांबला. पुढे व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या सल्ल्याने बर्फीवाला पुलाचा टोकाकडील भाग जॅक लावून एका बाजूने १३९७ आणि दुसऱ्या बाजूने ६५० मिलिमीटर उचलण्यात आला आणि जुलै २०२४ मध्ये जोडणी झाली. उचलण्याचे ते काम तांत्रिकदृष्ट्या नाजूक होते आणि ते नीट पार पडले, याचे श्रेय अभियंत्यांना दिले पाहिजे. ते करण्याची वेळ आली, याबद्दल मात्र अंधेरीकरांनी केलेली थट्टा अनाठायी नव्हती. मधल्या महिन्यांत पुलावर चढणारी वाहने खालच्या अरुंद रस्त्यावर अडकत राहिली आणि मेट्रोचा डबा पूर्वीइतकाच भरलेला राहिला.

गुण द्यायचेच झाले तर बंद पुलाला पर्याय म्हणून मी या मेट्रोला पाचपैकी साडेतीन देईन. नोकरदार, विद्यार्थी आणि हाती फारसे सामान नसलेल्या धडधाकट माणसासाठी ते साडेचार धरावेत. आजारी माणूस, मालवाहतूक आणि रात्रपाळी यांच्यासाठी दोनच्या वर जाता येत नाही. सुचवलेल्या सहा रस्त्यांपैकी विलेपार्ल्याचा गोरे पूल आणि जोगेश्वरीचा ठाकरे पूल हे दोनच, तेही सकाळी आठच्या आत किंवा दुपारी, वापरण्याजोगे वाटले.

आता परळ–प्रभादेवीकरांच्या प्रश्नाकडे येतो. अंधेरीचा अनुभव तेथे जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तेथे रेल्वे ओलांडून पूर्वेला नेणारी मेट्रो नाही. सिद्धिविनायक आणि वरळी भागांतून जाणारी मेट्रो ३ उत्तर-दक्षिण धावते; ती पश्चिमेकडच्या माणसाला शहरभर फिरवील, परंतु परळच्या बाजूला उतरवणार नाही. तेथे मेट्रोची जागा प्रभादेवी आणि परळ या दोन स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलांना घ्यावी लागेल. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेथील अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला आणि त्यानंतर लष्कराने बांधलेला पादचारी पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला, हे लक्षात घेता गर्दीच्या ऐन वेळी तेथे घाई करू नये. टाटा, केईएम किंवा वाडिया रुग्णालयात पश्चिम उपनगरांतून येणाऱ्या आणि चालू शकणाऱ्या रुग्णाने लोकलने प्रभादेवीला उतरून पायी परळला जावे. चालणे शक्य नसेल तर दादरच्या टिळक पुलावरून टॅक्सीने, सकाळची गर्दी सुरू होण्यापूर्वी, पोहोचावे. करी रोडचा पूल धरणाऱ्यांनी वेळेकडे विशेष लक्ष द्यावे : प्रभादेवीचा पूल बंद झाल्यावर जाहीर झालेल्या व्यवस्थेनुसार तेथे सकाळी ७ ते दुपारी ३ आणि दुपारी ३ ते रात्री ११ या वेळांत एकेरी वाहतुकीची दिशा उलट होते. त्यामुळे ज्या वाटेने रुग्णालयात गेलो त्याच वाटेने टॅक्सी परत आणील, हे गृहीत धरू नये.