ऑफ-रोड गो-कार्टला घरी बसवलेलं पुढचं सस्पेन्शन: दिवाळी ते मिरग वापरल्यानंतरचा अनुभव

देवगड तालुक्यातल्या आमच्या कलमांच्या बागेत फिरणाऱ्या गो-कार्टला पुढे सस्पेन्शन नव्हतंच. आडवा पाइप, दोन्ही टोकांना किंगपिन (ज्या खुंटीभोवती चाक वळतं), आणि धक्का झेलायला फक्त टायरमधली हवा. जांभ्याच्या कातळावर एक चाक खळग्यात गेलं की दुसरं उचललं जायचं, आणि अधांतरी चाकाने गाडी वळत नाही. दिवाळीच्या सुमारास डबल ए-आर्म बसवले, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली हलणारे, इंग्रजी A च्या आकाराचे दोन आर्म. मिरगापर्यंत भरपूर वापर झाला, म्हणून आता खात्रीने लिहितोय.

जो तो विचारतो, "शॉकअप कुठले?" मोटारसायकलचे मागचे, जुने पण न गळणारे. पण शॉकअप कुठला यापेक्षा तो आर्मवर कुठे बसवला, यावर जास्त अवलंबून आहे. पहारीचं टोक धरलं की जड चिराही हलतो. इथे पहारीच्या टोकाला चाक आहे आणि शॉकअपची स्प्रिंग त्याच्या अलीकडे. आमचा खालचा आर्म चौकटीकडच्या बुशपासून (ज्यावर आर्म फिरतो) चाकाकडच्या बॉल जॉइंटपर्यंत (गोल सांध्यापर्यंत) १४ इंच, शॉकअप १० इंचांवर. गुणोत्तर ०.७१. चाकाला मिळणारा कडकपणा मात्र या गुणोत्तराच्या वर्गाइतका, म्हणजे स्प्रिंगच्या जेमतेम निम्मा. त्यात शॉकअप उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला, म्हणून त्याचाही पाऊण पट. शेवटी उरतात साधारण ३८ टक्के. तोच शॉकअप आर्मच्या मधोमध, ७ इंचांवर लावला असता तर १९ टक्क्यांच्या आत आलो असतो. कार्टचं पोट कातळाला घासलं असतं आणि दोष शॉकअपला गेला असता. म्हणून आधी कागदावर हे गणित करा, मग दुकानात जा.

शॉकअपची कॉलर (स्प्रिंग दाबून धरणारी कडी) फिरवली की स्प्रिंग कडक होते, असा समज आहे. तसं होत नाही, फक्त गाडीची उंची वाढते. आम्ही चालक बसल्यावर ५ इंच प्रवासातला दीड इंच वापरला जाईल इतपतच कॉलर ठेवली. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, उंचवट्यांपेक्षा खळगे फार, त्यामुळे चाकाला खाली उतरायला जागा हवीच. आणि साधा तेलाचा शॉकअप फार आडवा किंवा उलटा लावू नका. हवा तेलात मिसळते आणि गाडी उड्या मारत राहते.

खरा जीव लावला तो स्टीअरिंगवर. मूळ कार्टमध्ये चाकं वळवणारे दोन्ही टाय-रॉड मधल्या एकाच दांड्याला जोडलेले होते. ए-आर्म आल्यावर ते रॉड आर्मपेक्षा लांब ठरतात, आणि चाक वर-खाली झालं की आपोआप वळायला बघतं. म्हणून छोटी रॅक (स्टीअरिंग फिरवलं की डावी-उजवी सरकणारी दातेरी पट्टी) घेतली, तिच्या लांबीवरूनच आर्मचे आतले बुश कुठे येतील ते ठरवलं. खर्चात सगळ्यात मोठा वाटा तिचाच, पण वसूल झाला. तपासायचं कसं? स्प्रिंग काढा, चाकाजवळ प्लायवूडची फळी उभी करा, जॅकने चाक वर-खाली करा आणि टायरच्या पुढच्या व मागच्या कडेचं फळीपासूनचं अंतर मोजा. आमच्याकडे पूर्ण प्रवासात ३ मिमीच्या आत फरक आहे. वरचा आर्म खालच्यापेक्षा आखूड ठेवलाय, त्यामुळे वळणावर बाहेरचं चाक दबताना किंचित आत झुकतं आणि पकड टिकते. पुतण्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेकडेने वळवतो तेव्हा हे स्पष्ट दिसतं.

वेल्डिंगबद्दल थोडक्यात. उघड्या अंगणात खाऱ्या वाऱ्याने मिग वेल्डिंगचा जोड झाकणारा गॅस उडतो आणि जोड सच्छिद्र होतो, म्हणून पडवीत आडोसा करून काम केलं. ७०१८ नंबरचे वेल्डिंग रॉड वापरणार असाल तर ते कोरडे ठेवा, आपल्या हवेत लगेच ओल धरतात. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप वापरूच नका. जस्ताचा धूर छातीत जातो.

आता झीज. लहान कारचे रबरी बूटवाले बॉल जॉइंट आजही घट्ट आहेत. टाय-रॉडच्या टोकांचे उघडे रॉड-एंड (बूट नसलेले गोल सांधे) मात्र तांबड्या धुळीने खडखडू लागलेत, आणि मार्चनंतर खेळ इतका वाढला की हँडलवर कळतो. आर्मच्या पितळी बुशना ग्रीस निपल दिले होते, ते उत्तम टिकले. गंज पहिल्यांदा आला तो वेल्डच्या कडेला, रेड ऑक्साइड प्रायमर असूनही.

एक कळकळीची विनंती. गाडी आता सड्यावर सहज जाते, म्हणून कुठेही घालू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कातळांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, उक्षी, कुडोपी इथली शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कित्येक चित्रं उघड्या कातळावर उथळच कोरलेली आहेत, माती-गवताखाली चटकन दिसतही नाहीत. आम्ही स्वतःच्या बागेतल्या वाटेबाहेर कार्ट नेत नाही, आणि सार्वजनिक रस्त्यावर तर तिला परवानगीच नाही.

पावसात कार्ट खोपीत राहील. तेवढ्यात रॉड-एंड बदलून त्यांना रबरी बूट घालायचे आहेत, आणि वेल्डच्या कडा घासून पुन्हा प्रायमर मारायचा आहे. शॉकअप आणि त्यांची जागा आहे तशीच राहील.