घाटातल्या पावसासाठी प्लास्टिकचा रेन स्लीव्ह: स्वस्त, पण नीट बसवला तरच

दोनाच्या पाकिटात मिळणारा हा कॅमेऱ्यावर चढवायचा पातळ स्लीव्ह आंबोली-माळशेजच्या पावसाला पुरतो, फक्त बसवताना घाई नको. आधी आयकप (डोळा टेकवायचं रबरी कडं) काढा, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) स्लीव्हच्या भोकाशी जुळवा, मग आयकप वरून दाबून बसवा. हे टाळलं की पाणी नेमकं तिथूनच आत उतरतं. पुढची दोरी लेन्सवर नाही, हूडवर (लेन्सपुढे बसवायच्या कड्यावर) आवळायची. नाहीतर प्लास्टिक फडफडून फ्रेममध्ये डोकावतं.

खरा शत्रू आतला दमटपणा. ओल्या हाताने बटणं चाचपली की स्लीव्हला आतून घाम धरतो. एसी गाडीतून गार कॅमेरा थेट बाहेर काढलात तर काचेवर धुकं येणारच. पोचण्याआधी अर्धा तास एसी बंद करा आणि कॅमेरा बंद बॅगेतच राहू द्या.

कॅमेरा उभा धरून काढायच्या फ्रेमला मात्र हा स्लीव्ह वैताग आणतो: खालचं तोंड आडवं होतं आणि वारा थेट आत पाणी मारतो. तिथे आपली साधी छत्रीच बरी. ओल शोषणारं सिलिका जेल पाकिटात येत नाही, वेगळं घ्या, ओल भरली की रंग बदलणाऱ्या दाण्यांचंच. मायक्रोफायबरची चार फडकी हवीत, प्रत्येक वेगळ्या झिपलॉक पिशवीत. एकाच ओल्या फडक्याने पुसत राहिलं तर लेन्सवर नुसते ओघळ पसरतात.