पहिल्याच सेशनला पार्टी जमवायची कशी: खानावळ, कोठडी, काफिला की तेरवी?

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) सारख्या खेळात प्रत्येक खेळाडू एक कॅरेक्टर, म्हणजे पात्र, घेतो, डीएम गोष्ट चालवतो आणि एकेका बैठकीला सेशन म्हणतात. नवा डीएम नकाशा, राक्षस आणि खजिना यांची काळजी फार करतो. खरी अडचण त्याच्या आधीच उभी असते. चौघांनी चार कॅरेक्टर आपापल्या घरी बसून बनवलेली असतात. एक जंगलातला शिकारी, एक देवळातली पुजारीण, एक जादूगार आणि एक चोर, ज्याचा सख्ख्या भावावरही विश्वास नाही. हे लोक एकत्र निघतीलच का? नियमांच्या पुस्तकात ‘पार्टी’, म्हणजे एकत्र फिरणारी टोळी, गृहीत धरलेली असते. ती जमवायची जबाबदारी आपल्यावर.

खाली दिलेल्या सगळ्या पद्धती मी आमच्या ओसरीवर खेळवून पाहिल्या आहेत. आमचं गाव आर्वीकडचं. टेबल म्हणजे सतरंजी, आणि फासे सुपात टाकतो, कारण सारवलेल्या जमिनीवर डी-ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंचा फासा, कधी सरळ बसत नाही. ठरल्या वारी, ठरल्या वेळी कॅफेत जमणाऱ्यांना माझं मत लागू पडेलच असं नाही.

खानावळ

‘तुम्ही सगळे एका खानावळीत बसला आहात.’ या सुरुवातीला लोक इतके हसले आहेत की आता हसण्यातही मजा राहिली नाही. मी मात्र तिला नावं ठेवणार नाही. नव्या खेळाडूला काही समजावून सांगावं लागत नाही. धाब्यावर काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या कृषी केंद्रवाल्याने आयुष्यातला पहिला रोल (म्हणजे फासा) मटणाच्या भावात घासाघीस करण्यासाठी टाकला आणि तिथेच तो खेळाचा झाला.

अडचण पुढे येते. खानावळीतून उठायला कोणाकडेच कारण नसतं. ‘मी कोपऱ्यात बसून सगळ्यांवर नजर ठेवतो’ असं एक जण म्हणतो, लगेच दुसराही म्हणतो, आणि खानावळीचे कोपरे भरून जातात. मग डीएमला मारामारी तरी घडवावी लागते, नाहीतर फाटका नकाशा घेऊन एखादा म्हातारा आत आणावा लागतो.

कोठडी

सगळे एकाच तुरुंगात. २०१५ च्या ‘आउट ऑफ द अबिस’ या डी अँड डीच्या अधिकृत मोहिमेत, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीत, हेच आहे. पात्रं जमिनीखालच्या ड्राउ या क्रूर एल्फ जमातीच्या कैदेत असतात आणि खेळ तिथून सुरू होतो. ‘मी काहून जाऊ यायच्या संगं?’ हा प्रश्न इथे कोणी विचारत नाही, कारण भिंत एक आहे आणि शत्रूही एक. एकमेकांना अजिबात न ओळखणारे खेळाडू असतील तर याच्याइतकी खात्रीची सुरुवात मला तरी दिसत नाही.

पण कैद्याजवळ सामान नसतं. आमच्या गुरुजींनी ढाल-तलवार निवडण्यात दोन तास घालवले होते. पहिल्या सेशनला त्यांच्या हातात आलं मातीचं गाडगं. जादूगाराची मंत्रांची वही जप्त झाली की तोही नुसता हुशार माणूस उरतो. काहींना याचीच मजा येते. गुरुजींना आली नाही.

काफिला

एक मालक, एक काम, ठरलेली मजुरी. डी अँड डीच्या २०१४ च्या स्टार्टर सेटमध्ये पार्टीला सामानाची गाडी नेव्हरविंटर शहरातून फँडालिन गावी पोचवायची असते. वाटेत दोन मेलेले घोडे आडवे दिसतात आणि झुडपांतून गोब्लिन (बुटके लुटारू राक्षस) बाहेर पडतात. अर्ध्या तासात सुपात फासे वाजायला लागतात. एका संध्याकाळचा खेळ असेल तर मी आजही डोळे मिटून हेच घेईन. आमच्याकडे त्या गाडीच्या जागी जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या बंड्या ठेवल्या, तर गोब्लिन येण्याआधी सगळ्यांनी यंदाचा भाव विचारून घेतला.

मर्यादा एवढीच की नातं मजुरीचं असतं. माल पोचला, हिशेब झाला, राम राम. दुसऱ्या सेशनला नवं काम शोधा, तिसऱ्याला आणखी एक.

२०१२ च्या ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’ या अशाच दुसऱ्या खेळातली फनेल पद्धतही आहे. प्रत्येक खेळाडू तीन-चार साधी गावकरी माणसं घेतो, त्यातली बहुतेक मरतात आणि जी वाचतात ती पार्टी. गंमत खूप येते, पण आमच्याकडे ज्याच्यावर जीव जडतो तोच आधी जातो आणि मग खेळाडू तासभर रुसतो. लांब मोहिमेसाठी मी ती सुचवणार नाही.

आता मुद्द्याचं. खेळ म्हणून पाहिलं तर या सगळ्यांत फार डावं-उजवं नाही. मला ज्याने खरा वैताग आणला ती गैरहजेरी.

दिवाळीनंतर गहू-हरभऱ्याचं ओलित सुरू होतं. थ्री फेज लाईन एका आठवड्यात दिवसा, तर दुसऱ्यात रात्री. रात्रीची पाळी असली की ज्याच्या वावरात स्प्रिंकलर लागलेत तो पायपं बदलायला अर्ध्या खेळातून उठतो. रानडुकरांमुळे कोणाची जागल असते. पहिल्या सेशनला सहा जण येणार म्हणून ठरतं, प्रत्यक्षात चौघे बसतात. उरलेले पुढल्या आठवड्यात एकेक करून उगवतात.

आणि वरच्या तिन्ही सुरुवातींत भेट एकदाच घडते. जो त्या दिवशी नव्हता त्याच्यासाठी ती पुन्हा घडवावी लागते. खानावळीचं दार पुन्हा उघडतं, पुन्हा अनोळखी माणूस आत येतो, आणि आमचा चोर आपल्या स्वभावाला जागून विचारतो, ‘हा कोन व्हय? याले काहून घ्याचं संगं?’ मग झडती, शपथा, संशयाचे रोल. अर्धी रात्र जाते आणि ज्याच्यासाठी हे चाललंय त्याच्या मोटारीची वेळ होते. कोठडीत तर चौघे पळून गेलेले असतात, म्हणून नवा माणूस पुढच्या एखाद्या कोठडीत सापडवावा लागतो. त्याच्या पुढचा आणखी एका कोठडीत. काफिल्यात तो रस्त्यावर भेटतो, आणि रात्री रस्त्यावर भेटलेल्यावर कोण विश्वास ठेवेल? असा प्रवेश पहिल्यांदा रंगतो, पण तिसऱ्यांदा खेळाडूही जांभया देतात आणि डीएमही.

तेरवी

म्हणून माझा कल इकडे. गावातलं एक माणूस गेलंय आणि सगळी पात्रं तिच्या किंवा त्याच्या तेरवीला आली आहेत. प्रत्येकाचं त्या माणसाशी काहीतरी देणंघेणं आहे, एकमेकांशी नसलं तरी चालतं. उशिरा आलेल्या खेळाडूला कारण लागत नाही. बंडीचं चाक निखळलं, नाल्याला पाणी होतं, दुसऱ्या पंगतीला बसला. तेरवीला आलेल्याला ‘तू काहून आला?’ असं आमच्याकडे कोणी विचारत नाही. ‘बसा, जेवून जा’ म्हणतात. चोरसुद्धा सरकून जागा देतो.

मेलेला माणूस निवडताना असा निवडावा की ज्याचं सगळ्यांशी काम पडायचं. मी मालगुजाराच्या तलावाचा म्हातारा पाटकरी घेतला. पाणी कोणाच्या वावरात आधी सोडायचं हे त्याच्या हातात, त्यामुळे पंचक्रोशीत त्याचे उपकार होते आणि वैरही. मग प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. शिकाऱ्याच्या चिठ्ठीत होतं: ‘दुष्काळाच्या साली त्याने तुझ्या बापाच्या वावरात रातोरात पाणी सोडलं. का, ते कधी सांगितलं नाही.’ चोराच्या: ‘त्याच्या पेटीची एक किल्ली तुझ्याजवळ आहे. दुसरी कोणाजवळ आहे ते माहीत नाही.’ आमची एल्फ पुजारीण तीनशे वर्षांची, तिला लिहिलं: ‘हा बांध पहिल्यांदा घातला तेव्हा तू पाहिला होता. पायात काय पुरलं, तेही.’

चिठ्ठ्यांच्या जोडीला एक गोष्ट उसनी घेतली आहे. २००९ च्या ‘फियास्को’ या खेळात शेजारी-शेजारी बसलेल्या खेळाडूंच्या पात्रांत आधीपासूनच नातं ठरवतात, आणि ‘फेट कोअर’ या आणखी एका खेळात तुमच्या आधीच्या पराक्रमात दुसऱ्याचं पात्र डोकावतं. मी पंगतीत प्रत्येकाला एवढंच विचारतो: तुमच्या डाव्या हाताला बसलेल्याला याआधी कुठे पाहिलं होतं? एका वाक्यात सांगायचं. ‘चिखलदऱ्याच्या घाटात याने माझा बैल सोडवला’ एवढंही पुरतं. जो पुढल्या आठवड्यात येईल तोही कोणाच्या तरी डाव्या हाताला बसतो आणि तिथून त्याचं खातं उघडतं.

दोष यातही आहेत. चिठ्ठ्यांची तयारी आदल्या दिवशी करावी लागते, आयत्या वेळी सुचत नाही. खेळणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी नुकतंच दुःख झालं असेल तर हा विषय काढूच नये. सेशन झिरोला, म्हणजे खेळाआधीच्या बोलणीच्या बैठकीला, आधी विचारून घ्यावं. अशा वेळी मी साक्षगंधाचा कार्यक्रम ठेवून पाहिला. चालतो, पण तिथे मुलाकडचे आणि मुलीकडचे असे दोन गट आपोआप पडतात आणि पार्टीही तशीच दुभंगते. शिवाय सगळं लक्ष जेवणावर.

तेव्हा डिस्कॉर्डवरची (ऑनलाइन जमलेली) अनोळखी मंडळी असतील तर कोठडी घ्या, एकच रात्र असेल तर काफिला. भाचे-पुतणे पहिल्यांदा खेळत असतील तर खानावळीत काहीच वावगं नाही. पण ओलिताच्या दिवसांत, येईल तो बसेल अशा टेबलावर लांब मोहीम चालवायची असेल, तर मी तरी तेरवीच धरीन.

फक्त पाटकरी मेला कसा, हे आधी ठरवून ठेवा. कोणीतरी विचारणारच. माझ्या हिशेबी तो म्हातारपणाने गेला होता, पण शिकारी तलावाच्या तुंबापाशी जाऊन चिखलातले पायाचे ठसे शोधायला लागला, सुपात वीस (फाशावरचा सगळ्यात मोठा आकडा) पडले, आणि तेव्हापासून त्याचा खून झालेला आहे.